इनलँडच्या घडीवरची ओळ

स्वयंपाकघरातला नळ खाकरला. आधी नुसती हवा, मग दोन थेंब, मग पुन्हा हवा. दुपारी अडीचला आमच्याकडे नाशिकच्या सिडकोत पाणी येतं, त्याआधी तो असाच घसा साफ करतो. एरवी मला त्या आवाजाचा वैताग येतो. त्या दिवशी मात्र बरं वाटलं, कारण त्याआधी किती वेळ मी गप्प बसले होते ते माझं मलाच कळलं नव्हतं.

समोर आई बसली होती. पुढ्यात लसणाचं ताट. माझ्या मांडीवर पुस्तक उघडं, पान दोनशे बारा. वाचता वाचता मी मध्येच थांबले होते आणि आई एक पाकळी बोटांत तशीच धरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"का गं, थांबलीस का?"

"पाणी आलं," म्हणत मी उठले.

पिंप भरलं, हंडे भरले, नको ती भांडीही भरून ठेवली. पलीकडच्या खोलीत शुभी झोपली होती, तीन वर्षांची. तिच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. मग परत येऊन बसले आणि दोन पानं एकदम उलटून दोनशे सोळापासून वाचायला लागले. आवाज मुद्दाम चढवला.

आईनं चार पाकळ्या सोलल्या.

"दोन पानं उलटलीस."

"चिकटली होती."

"मग सोडव की."

"नंतर सोडवते. ऐक ना, आता लढाई आहे."

"लढाया लय झाल्या," आई म्हणाली. पण ऐकत राहिली. मान खाली, हात चालू.

माझ्या आईला, झुंबरबाईला, अक्षरओळख नाही. पण सगळा जन्म तिनं देवळ्याच्या शिवारात कांदा निवडण्यात घातला. हातात घेताक्षणी तिला आतून सडलेला कांदा कळतो. एका पानाचा आवाज आणि दोन पानांचा आवाज तिला कळणार नाही, असं मला का वाटलं कुणास ठाऊक.

ते पुस्तक म्हणजे खंडेराव निरगुडे यांच्या 'सहा दरवाजे' या मालिकेतला 'चौथा दरवाजा'. बागलाणातल्या एका गडाची गोष्ट, किल्लेदाराच्या घराची, गडाच्या एकेका दरवाजावर एकेक जाडजूड खंड. पहिला खंड मी लग्नाआधी वाचला, देवळ्याला, दिव्याखाली आईला वाचून दाखवत. आमचा एक नियम होता. एकटीनं पुढं वाचायचं नाही. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायचं नाही. लग्न होऊन नाशिकला आले तरी नियम तसाच राहिला. नवा खंड आला की आई एसटीनं यायची, पिशवीत लसूण, शेंगदाणे, नागलीचे पापड, आणि आठ दिवस राहून आम्ही तो संपवायचो.

किल्लेदारीण राणूबाई ही आमच्या घरातलीच बाई झाली होती. भाजीत मीठ जास्त पडलं तर आई म्हणायची, "राणूबाईला कोण बोललं असतं का? आमच्यावरच तोंड चालतंय सगळ्यांचं."

निरगुडे सर प्रत्येक खंडाच्या शेवटी आपला पत्ता छापत आणि खाली लिहीत, 'वाचकांनी अवश्य लिहावे.' लोक लिहीत. आमच्या वाचनालयात सुरय्याताई देवघेवीच्या टेबलावर असायच्या. त्यांच्याकडं सगळी खबर असायची, कुणाला उत्तर आलं, किती ओळींचं आलं. एक निवृत्त तलाठी आपलं पोस्टकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे आणि सगळ्यांना वाचायला द्यायचे, पण हातात द्यायचे नाहीत. "पाच ओळी आहेत," ते सांगायचे. "सहावी सही."

ज्यांच्या पत्राचा सरांना उपयोग होई, त्यांची नावं पुढच्या खंडाच्या प्रस्तावनेत येत. अमळनेरच्या एका गृहस्थांनी तोफेच्या वजनातली चूक दाखवली, त्यांचं नाव आलं. सोलापूरच्या एका बाईंनी इरकलीचा काठ कळवला, त्यांचंही आलं. सगळ्यांना ते हवं असायचं. मला हवं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मी त्यांना पत्रं लिहायची ती दुपारी, शुभी झोपल्यावर. हे सातपूरला पहिल्या पाळीला गेलेले असायचे. सासूबाई सोसायटीच्या पारावर. शुभी एका कुशीवर, मूठ गालाखाली, आणि मी तिच्या पायाशी पाट घेऊन बसलेली. तिचा श्वास जरा बदलला की पेन थांबवायचं. किती वाक्यं तिच्यामुळं अर्धी राहिली आणि किती तिच्यामुळंच सुचली. ती तास-दीड तास झोपायची. तेवढंच माझं.

सही मी पूर्ण करायची. सौ. प्रतिभा बोरस्ते, माहेरची नवसा आहेर, देवळा. प्रतिभा हे नाव सासरी तांदळात लिहिलेलं. नवसा हे आईनं ठेवलेलं. एक लिहून दुसरं सोडायचं म्हणजे कुणाला तरी दाराबाहेर ठेवल्यासारखं वाटायचं.

आता तिसऱ्या खंडाचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

१९९३ साल. पहिलं बाळंतपण म्हणून मी देवळ्याला होते. शुभी एकवीस दिवसांची. आई तिला पायावर घेऊन तेल लावत होती, आणि मी शेगडीशेजारी पडून तिला 'तिसरा दरवाजा' वाचून दाखवत होते. त्यात राणूबाईचे दोन मुलगे लागोपाठ जातात, आणि तिसरं मूल जगावं म्हणून ती बाळ विकण्याची रीत करते. निरगुडे सरांनी लिहिलं होतं की राणूबाईनं बाळाला सोन्याच्या पाळण्यात घालून देवीच्या पायरीवर ठेवलं, सनई वाजली आणि पुजाऱ्यानं ते विकत दिलं.

आई खुदकन हसली. "ह्याला कुणी सांगितलं? सोन्याच्या पाळण्यातलं पोर कोण विकतं गं?"

"मग कसं असतं?"

"उकिरड्यावर ठेवायचं. सुपात. सूप नवं नको, रोजच्या वापरातलं. खाली गोधडीचा तुकडा. आईनं ठेवायचं आणि मागं न बघता घरात यायचं. मग ठरवलेली बाई येती, हे कुणाचं टाकून दिलेलं म्हणती, उचलती, दारात आणती. आपण पसाभर बाजरी द्यायची न् विकत घ्यायचं. विकतचं पोर सटवी नेत नाही."

ती हसत सांगत होती. मग हसू बंद झालं. हात शुभीच्या पाठीवर तसाच थांबला. शुभीला ते आवडलं नाही, तिनं पाय झाडले.

माझ्याआधी आईचे दोन मुलगे गेले होते, हे मला ठाऊक होतं. त्यांच्यानंतर आणि माझ्याआधी एक मुलगी झाली होती, आणि शेजारची पुतळाबाई उशिरा आली म्हणून ती गेली, हेही ऐकलं होतं. गल्लीत सगळे तसंच म्हणायचे. त्यानंतर गल्लीतलं कुणाचंही मूल उचलायला पुतळाबाईला बोलावलं गेलं नाही. तिचा हात वाईट, असं ठरून गेलं होतं.

आई म्हणाली, "पौषातली थंडी. पुतळा यायची होती तांबडं फुटायच्या टायमाला. आली नाही. मी दाराआड उभी. रडणं ऐकू येत होतं. सासू म्हणाली, मागं वळलीस तर सगळं फुकट जाईल. मी वळले नाही." तिनं तेलाच्या वाटीत बोट फिरवलं. "पोऱ्या असता तर वळले असते, नवसा. सासूला ढकलून गेले असते. पोरगी होती म्हणून थांबले. थोडा वेळ, थोडा वेळ, म्हणून थांबले. तिसऱ्या दिवशी छाती भरली न् गेली."

मी शुभीकडं हात केले. आईनं ती माझ्याकडं दिली आणि म्हणाली, "हिला पाज."

नाशिकला परत आल्यावर मी निरगुडे सरांना सोन्याच्या पाळण्याबद्दल लिहिलं. सूप, गोधडीचा तुकडा, पसाभर बाजरी. आठ दिवसांत पोस्टकार्ड. जांभळी शाई, बारीक अक्षर. 'आपण दाखवलेली चूक मान्य. ही माहिती कोणत्याही बखरीत मिळणार नाही. आपणास हे कसे ठाऊक? सविस्तर कळवावे. वाट पाहतो.'

सात ओळी होत्या. मी तलाठ्यांना सांगितलं नाही, पण मनात मोजल्या.

मग मी ते निळं इनलँड पत्र लिहिलं. एका दुपारी. पाणी येण्याआधी सुरुवात केली ती शुभी उठेपर्यंत. सगळं लिहिलं. आईचं दाराआड उभं राहणं, आजीचं बोलणं, तो 'पोऱ्या'. असं कधी लिहिलंच नव्हतं मी. अक्षर आपोआप येत होतं, आणि मला रडू येत होतं, आणि त्याचं कुठंतरी बरंही वाटत होतं. तिन्ही बाजू भरल्या. डिंक लावून दुमडायची ती शेवटची घडी उरली. तिच्यावर एकच ओळ मावत होती.

त्या ओळीचं मी पुढं सांगेन.

तीन वर्षांनी, १९९६च्या मार्गशीर्षात, 'चौथा दरवाजा' रजिस्टर पोस्टानं घरी आला. सरांनी स्वतः पाठवलेला, आत सही. प्रस्तावनेत सातव्या पानावर ओळ होती, 'बाळविक्रीच्या प्रथेविषयी अनमोल माहिती पुरवल्याबद्दल नाशिकच्या सौ. प्रतिभा बोरस्ते (माहेरच्या नवसा आहेर, देवळा) यांचा मी ऋणी आहे.'

मी तेवढंच वाचलं आणि पुस्तक मिटलं. नियम होता. आईला फोन केला, "ये." आई दुसऱ्या दिवशी आली, आणि आधी तिनं हात धुतले, पदराला पुसले, मगच पान सात बघितलं.

"यात कुठं हाय तू?"

मी तिचं बोट धरून ठेवलं. "हे प्रतिभा. हे नवसा. हे आहेर."

तिनं 'आहेर' वरून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडं. "तुझ्या बापाला दाखवायला पाहिजे होतं."

चार दिवस आम्ही वाचलं. पाचव्या दिवशी दोनशे बारावं पान आलं. चार खंड भरजरी बोलणारी राणूबाई तिथं दाराआड उभी होती, बाहेर सूप होतं, आणि ती म्हणत होती, 'पोऱ्या असता तर वळले असते.' शब्द न् शब्द. पोऱ्याचा पुत्रसुद्धा केला नव्हता त्यांनी. वाचता वाचता मला ती ओळ पुढं दिसली, अजून दोन बोटं लांब होती, आणि मी थांबले. तेव्हाच तो नळ खाकरला.

त्या संध्याकाळी हे कामावरून आले ते खुशीत. आई देवापाशी बसली होती. मी ह्यांना आत ओढलं. "त्या पुस्तकाचं कुणाला सांगू नका."

"आता काय सांगायचं राहिलंय? चार प्रती आणल्या मी. दोन कंपनीत वाटल्या. साहेब म्हणाले, बोरस्ते, तुमची मिसेस तर इतिहासात गेली."

"आणि उरलेल्या दोन?"

"एक आपल्याकडं. एक देवळ्याला. ललित आला होता ना चार दिवसांमागं मार्केटला, टेम्पो घेऊन, त्याच्याजवळ दिली. वर मीच लिहिलं, लेकीचं नाव पान सातवर बघा." माझा चेहरा बघून ते म्हणाले, "काय झालं? चुकलं का माझं?"

त्यांचं काय चुकलं होतं? बायकोचं नाव छापून आलं म्हणून आनंद झालेला नवरा. असे किती असतात? मी म्हटलं, "चहा ठेवते."

दुसऱ्या दिवशी शुभीला कडेवर घेऊन एसटीडी बूथवर गेले. ललित माझा धाकटा भाऊ, त्याच्या घरी नुकताच फोन आला होता. भावजयीनं उचलला. बारावी झालेली, चुणचुणीत.

"ताई! अहो तुमचं पुस्तक! रोज संध्याकाळी ओट्यावर वाचते मी. गल्लीतल्या सगळ्या बायका येतात. भागीबाईंना ऐकू येत नाही, त्या पण येतात."

"कुठवर आलं?"

"शंभरावर."

"बरं, एक ऐक. दोनशे बारा ते पंधरा वाचू नकोस हं. छपाई चुकलीये तिथं. सोडून दे."

"बरं ताई."

फोन ठेवला आणि खाली उतरता उतरता माझ्या लक्षात आलं मी काय केलं. ज्या बाईला मी पान नंबर सांगितला, ती बाई फोन ठेवल्या ठेवल्या तेच पान काढणार. मी तिच्या जागी असते तर मीही काढलं असतं.

आई आणखी दोन दिवस राहिली. वाचायचं तिनंच बंद केलं. "डोळे दुखत असतील तुझे," म्हणाली. जाताना शुभीच्या हातावर साखर ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. हे मी लक्षात ठेवलंय, कारण तो शेवटचा.

पौषात मी देवळ्याला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. शुभीला घेऊन दुपारच्या एसटीनं उतरले, तर ओट्यावर पुतळाबाई एकटी बसली होती. काठी आडवी मांडीवर. मला बघून सरकली नाही.

"आली का लेखकीण?"

"पुतळामावशी..."

"मावशी म्हणू नको. बस. ऐकलं मी ते पान, याच ओट्यावर." मी बसले. ती शुभीच्या केसांत बोटं घालत बोलली, माझ्याकडं न बघता. "विहिरीवर रहाट मोडला होता त्या दिशी. पाण्यावाचून कशी येणार होती मी, पोराला हात लावायला? आंघोळ नको? घटकाभर उशीर झाला. घटकाभर. माझ्या सुनांनी मला नातवंडं घेऊ दिली नाहीत. माझ्या हाताला लागलं की जातं म्हणे. न् तुझी आई रोज सकाळी माझ्याबरोबर कांद्याला यायची. एका भाकरीचे दोन तुकडे करायची. अठ्ठावीस वर्षं. तिनं एकदा तरी म्हणायचं ना, पुतळा, मला ऐकू येत होतं?"

"तिनं मला सांगितलं होतं, मावशी."

"तुला सांगितलं. मला नाही." मग ती हसली, दात नसलेलं. "तुझ्या त्या सरांना लिही. म्हणावं, माझं पण नाव टाका. पुतळाबाई, उशिरा आली म्हणून."

आत आई चुलीपुढं होती. शुभी धावत जाऊन तिच्या पाठीला लटकली. आईनं तिला पुढं घेतलं, गुळाचा खडा दिला. माझ्याकडं पाठच.

"आई, मी मुद्दाम नाही केलं."

"चहा घेशील?"

"मला वाटलं नव्हतं ते तसंच्या तसं छापतील."

"मग कशाला लिहिलंस?"

फुंकणीनं तिनं जाळ सारखा केला. ओट्यावरून पुतळाबाईची काठी वाजत वाजत लांब गेली. आई तो आवाज संपेपर्यंत थांबली.

"तू बाळंतीण होतीस म्हणून बोलले. पोर तुझ्या अंगावर होतं. मला वाटलं, हिला सांगावं, हिला कळेल. तुला लिहिता येतं हे तेव्हा ध्यानातच आलं नाही माझ्या." तिनं चहा गाळला. कप माझ्यासमोर ठेवला, माझ्या हातात नाही. "पुतळा येत नाही आता कांद्याला. मी जाते एकटी. बायका बाजूच्या वाफ्यात बसतात."

"मी सगळ्यांना सांगते की ते खोटं आहे. गोष्ट आहे म्हणून."

"खोटं कुठं हाय?" आई म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर आजतागायत नाही. मी गेले तर जेवायला वाढते. शुभीशी हसते. शुभीच्या हाती निरोप देते, तुझ्या आईला म्हणावं पापड घेऊन जा. नाशिकला ती परत आली नाही.

निरगुडे सरांना मी पत्र लिहिलं. चार पानी, पाकिटातून. जे आलं ते लिहिलं. माझ्या आईचे शब्द तुम्ही विचारल्याशिवाय कसे घेतलेत. तुम्हाला सूप पाहिजे होतं, बाजरी पाहिजे होती, ती मी दिली होती. तिचं दार कशाला घेतलंत.

उत्तर आलं. तीच जांभळी शाई. 'आपले पत्र पोचले. आपल्या मातोश्रींना झालेल्या त्रासाबद्दल खेद वाटतो. तथापि आपण ते पत्र खाजगी असल्याचे कोठेही नमूद केले नव्हते. उलट आपल्या इच्छेनुसार नामनिर्देश केला आहे. त्या प्रकरणावर दीडशेहून अधिक पत्रे आली. आपल्या मातोश्रींचे दुःख महाराष्ट्राचे झाले, असे समजावे. पाचवा दरवाजा लिहावयास घेतला आहे. आपल्याकडील आणखी काही प्रथा आठवत असल्यास अवश्य कळवाव्यात.'

नऊ ओळी. एवढ्या कुणालाच आल्या नव्हत्या.

आणि ते खोटं लिहीत नव्हते. इनलँडची ती शेवटची घडी. मला आठवतं, मी पेन उचललं होतं 'हे कृपया छापू नये' असं लिहायला. 'हे' लिहिलंही होतं. तेवढ्यात शुभी कुशीवर वळली, ओठ हलवले, आता उठणार असं वाटलं. एक ओळीची जागा आणि मिनिटभराचा वेळ. मी त्या 'हे' पुढं लिहिलं, 'हे उपयोगी पडल्यास प्रस्तावनेत माझे नाव द्याल का?' आणि डिंक लावला. शुभी उठलीच नाही, आणखी अर्धा तास झोपली. दुसरा कागद घ्यायला भरपूर वेळ होता.

हे मी आईला सांगितलेलं नाही. पुतळाबाईला नाही, ह्यांना नाही. सुरय्याताई विचारतात, "प्रतिभाताई, पाचवा खंड आलाय, ठेवू का तुमच्यासाठी?" मी म्हणते, "दुसऱ्या कुणाला द्या." त्या म्हणतात, "तुमचंच नाव शोधतात हो लोक त्यात." मी भाजीचं कारण सांगून निघते.

मला पुन्हा लिहायला बसून आता महिना झाला. दुपारीच. शुभी आता सात वर्षांची, दुपारी झोपत नाही, सकाळची शाळा करून येते आणि दुसरीतल्या मुलांसारखं दिसेल ते मोठ्यांदा वाचत सुटते. दुकानाच्या पाट्या, साबणाचे कागद, वर्तमानपत्रातल्या मयताच्या बातम्या. तिला पुस्तकं लागतात, आणि घरातली संपली.

काल मी लिहिताना मान वर केली तर ती खिडकीत बसली होती. मांडीवर 'चौथा दरवाजा'. कपाटावरच्या ट्रंकेमागून काढलेला, कोपऱ्यांवर धूळ. बोट ओळीवर ठेवून ती वाचत होती, अडखळत, पण स्पष्ट. "रा-णू-बाई दा-रा-आड उभी हो-ती."

मी उठले नाही. उठून पुस्तक काढून घेता आलं असतं. पण तेवढ्यात तिनं पान उलटलं, एकच, आणि पुढं वाचत गेली. जे मी आईला वाचून दाखवलं नाही ते माझ्या लेकीनं मला सगळं वाचून दाखवलं. सूप. थंडी. सासूचं बोलणं. 'पोऱ्या' पाशी अडली.

"पोऱ्या म्हणजे मुलगा ना? देवळ्याची आजी म्हणते तसं?"

"हो."

"ही आजीचीच गोष्ट आहे. मला पुतळाआजीनं सांगितली. ते बाळ म्हणजे माझी मावशी होती." तिनं पान पुन्हा मागं उलटून बघितलं, बोट फिरवत. "पण यात तिचं नाव हिराऊ दिलंय."

"ते लेखकांनी ठेवलंय. गोष्टीसाठी."

तिनं पुस्तक मिटलं, माझ्याकडं आली, आणि कागदावर मी काय लिहिलंय ते बघत माझ्या खांद्याला टेकली. नळ कोरडाच खाकरत होता. पाणी यायला अजून वेळ होता.

"आई, पुस्तकातलं नको. तिचं खरं नाव काय होतं?"